दोन मिलिमीटरचे जंगल

डिसेंबर 2024 मध्ये भारतीय वन सर्वेक्षणाचा 2023 चा अहवाल आला आणि नेहमीचा मथळाही आला: देशातले जंगल वाढले. अहवालातला वनाच्छादनाचा आकडा आहे 7,15,343 चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या भूभागाच्या 21.76 टक्के. 2021 च्या अहवालात तो 7,13,789 होता. वजाबाकी केली की 1,554 येतात. पण अहवाल स्वतः सांगतो, वाढ फक्त 156 चौरस किलोमीटर! यात छपाईची चूक नाही. तुलना करताना मागचा आकडा आधी दुरुस्त करून घेतला जातो आणि मग वजाबाकी होते.

अशा वजाबाक्या करत बसण्याचा मला नाद आहे. त्यातली सर्वांत गमतीची वजाबाकी 1999 आणि 2001 च्या अहवालांची. 6,37,293 वरून 6,75,538. दोन वर्षांत 38,245 चौरस किलोमीटर जंगल वाढले, म्हणजे जवळजवळ अख्ख्या केरळाएवढे. कितीही वनमहोत्सव केले तरी दोन वर्षांत केरळ उगवत नाही. मग हे जंगल आले कुठून?

बरेचसे कागदावरच्या दोन मिलिमीटरमधून. 1987 च्या पहिल्या अहवालासाठी अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहाची चित्रे घेतली होती. माणसे ती डोळ्यांनी पाहून जंगलाच्या हद्दी हाताने आखत. नकाशाचे प्रमाण होते दहा लाखास एक, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचा एक किलोमीटर. कागदावर दोन मिलिमीटर बाजूच्या चौकोनाहून लहान काही नीट आखता येत नाही. आता हिशेब करा: जमिनीवर दोन किलोमीटर बाजूचा चौकोन, म्हणजे 400 हेक्टर. याहून लहान जंगल त्या नकाशात नव्हतेच! पुढे प्रमाण अडीच लाखास एक झाले, तेव्हा ते दोन मिलिमीटर 25 हेक्टरांवर आले. 2001 ला सगळे काम संगणकावर आणि पन्नास हजारास एक या प्रमाणात झाले. तोच चौकोन आता फक्त एक हेक्टर. गावामागची राई, ओढ्याकाठची झाडी, डोंगरउतारावरचे तुकडे एकदम मोजणीत आले. उलट मोठ्या जंगलांच्या पोटातली मोकळी शेते वजाही झाली, पण एकूण हिशेबात बेरीज जड ठरली.

त्याच्या आधीचा घोळ तर याहून मोठा. हैदराबादच्या राष्ट्रीय दूरसंवेदन संस्थेने उपग्रहचित्रांवरून सांगितले होते की 1972-75 मध्ये 16.89 टक्के असलेले जंगल 1980-82 पर्यंत 14.10 टक्क्यांवर आले. आणि वन सर्वेक्षणाच्या पहिल्या अहवालात जवळपास त्याच काळासाठी आकडा होता 19.49 टक्के. देश तोच, उपग्रहही लँडसॅटच. जंगल कशाला म्हणायचे आणि रेघ कुठे मारायची, यावर कोट्यवधी एकर इकडचे तिकडे झाले.

पण उपग्रहाला वरून जंगल ‘दिसते’ म्हणजे नेमके काय? माझ्या मते या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच. आपल्याला वाटते की तो हिरवा रंग शोधत असेल. हिरव्याचा उपयोग त्यात फार थोडा. पानातले हरितद्रव्य तांबडा प्रकाश जवळजवळ सगळा पिऊन टाकते, शंभरातला पाचेक भाग परत येतो. तांबड्याच्या पलीकडे, आपल्या डोळ्यांना न दिसणारा निकट अवरक्त प्रकाश असतो. तो हरितद्रव्याला नको असतो, कारण त्याच्या एकेका कणात प्रकाशसंश्लेषण चालवण्याइतकी ऊर्जा नसते. पानाच्या आत स्पंजासारखा थर असतो: ओल्या पेशी आणि त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या. पाण्यातून हवेत, हवेतून पाण्यात जाताना प्रकाश दर वेळी वाकतो, उसळतो आणि निम्म्याच्या आसपास बाहेर फेकला जातो. बर्फाची लादी पारदर्शक असते, पण किसून गोळा केला की पांढरा शुभ्र दिसतो, त्यातलाच हा प्रकार. अवरक्तात पाहिले तर प्रत्येक पान बर्फाच्या गोळ्यासारखे चमकते.

आता अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचे. पानासाठी (50−5) भागिले (50+5), म्हणजे 0.82. उघड्या मातीचे अवरक्त 30 आणि तांबडा 20 धरला तर 0.2. एका भागाकारात माती आणि झाड वेगळे! चित्र रंगवताना अवरक्ताला तांबडा रंग देण्याची पद्धत आहे, म्हणून दूरसंवेदनवाल्यांच्या पडद्यावर सह्याद्री लालभडक दिसतो. चित्रेही शक्यतो ऑक्टोबर ते डिसेंबरमधली घेतात, कारण तेव्हा ढग हटलेले असतात आणि सागाची पाने अजून गळलेली नसतात. फेब्रुवारीतले चित्र घेतले तर विदर्भातले निम्मे जंगल ‘तुटलेले’ दिसेल.

खोट इथेच आहे. पानांचे दोन-तीन थर झाले की तांबडा प्रकाश संपतो आणि चौथा-पाचवा थर वाढला तरी हा अंक फारसा हलत नाही. म्हणजे चार मजली देवराई आणि एकसुरी रबराची बाग वरून जवळजवळ सारखीच. शिवाय व्याख्येनुसार एक हेक्टर जागा आणि दहा टक्के पर्णछत्र, म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांनी वरून झाकलेली जमीन, असले की झाले वनाच्छादन; जात कुठली, मालकी कुणाची, लागवड की निसर्ग, हे विचारायचे नाही. नारळ, आंबा, बांबू, वेडी बाभूळ, सगळे चालते. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात जुनी झाडी तोडून रबर लावले, तर रोपे मोठी झाल्यावर तक्ता म्हणेल, काही घडलेच नाही.

जाता जाता त्या लाडक्या फॉरवर्डविषयी: ‘नासा म्हणते, भारताने जग हिरवे केले’. 2019 चा तो अभ्यास खरा आहे. पण त्यात पानांचे क्षेत्र मोजले होते, जंगल नव्हे, आणि भारताच्या हिरवेपणातला 82 टक्के वाटा शेतीचा होता, जंगलाचा 4.4 टक्के. वर्षाला दोन-तीन पिके निघू लागली, त्याचा तो रंग. याच फॉरवर्डच्या खाली हमखास येणारा, रात्री प्राणवायू सोडणारा पिंपळही तसाच. प्राणवायू सुटायला पाण्याचा रेणू फुटावा लागतो आणि तो फोडायला प्रकाश लागतो; अंधारात पिंपळही आपल्यासारखाच श्वास घेतो.

या मोजपट्टीचा सर्वांत वाईट फटका माळरानांना बसतो. सोलापूर-नगरकडचे गवताळ माळ दहा टक्क्यांच्या खाली, म्हणून वनाच्छादनाच्या आकड्यात त्यांची किंमत शून्य. तिथे ओळीने गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) झाडे लावा, पर्णछत्र पंधरा टक्के होईल, पडद्यावर लाली येईल आणि पुढच्या अहवालात तो हेक्टर ‘विरळ जंगल’ म्हणून जमा होईल. दूरवर नजर पोचेल अशी मोकळी जमीन लागणारा माळढोक पक्षी त्या ओळींमध्ये उतरत नाही.