फितुराला गाठायचे तर आधी ब्रेक दाबा

अंतराळसाहसाची एक कादंबरी नुकतीच एका बैठकीत वाचून संपवली. हरवलेल्या यानाच्या शोधात निघालेली मोहीम, तिच्यात सुरुवातीपासून दबा धरून बसलेला फितूर आणि ऐन मोक्याला नकाशे घेऊन छोट्या यानातून त्याने काढलेला पळ, हे सगळे मला मनापासून आवडते आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या प्रसंगाबद्दल. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवरच्या एकाच कक्षेत दोन्ही याने आहेत, फितूर वीस किलोमीटर पुढे आहे, कप्तान यानाचे नाक त्याच्यावर रोखून थ्रस्टर (यानाला ढकलणारी छोटी इंजिने) पेटवतो आणि अंतर भराभर कमी होऊ लागते. प्रत्यक्षात या कप्तानाने पुढच्या दिशेने सेकंदाला केवळ एक मीटर इतका जास्त वेग घेतला, तरी एका फेरीअखेर तो फितुरापासून वीस नव्हे, जवळजवळ सदतीस किलोमीटर मागे पडलेला असेल.

या चुकीचे मूळ एका जुन्या गैरसमजात आहे. अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, असे शाळेत विज्ञान शिकलेली माणसेही सहज बोलून जातात. वास्तविक ४०० किलोमीटरवर ते जमिनीवरच्या तुलनेत सुमारे ८९ टक्के शिल्लक असते. यान तिथे तरंगत नसते, ते अखंड पडत असते. फक्त सेकंदाला ७.६७ किलोमीटर इतक्या वेगाने आडवे धावत असल्यामुळे ते जितके खाली येते, तितकाच पृथ्वीचा गोलावा त्याच्याखालून वळत जातो. त्यामुळे रस्त्यावरच्या गाडीप्रमाणे वेग आणि मार्ग या दोन स्वतंत्र गोष्टी उरत नाहीत. वेग बदलला की मार्गच बदलतो.

आता कप्तानाचे गणित पाहू. पुढे जोर दिल्यावर त्याचे यान वरच्या बाजूला फुगलेल्या लंबवर्तुळावर चढते. हा मार्ग लांब असतो आणि उंचीवर पोहोचलेले यान तिथे रेंगाळते, त्यामुळे फेरीला जास्त वेळ लागतो. फितुराची फेरी साडेब्याण्णव मिनिटांत पूर्ण होते, कप्तान मूळ जागी दोन सेकंदांहून थोडा उशिरा परततो आणि तेवढ्या वेळात फितूर सुमारे सतरा किलोमीटर पुढे सरकलेला असतो. मग उपाय काय? कप्तानाने यान उलटे वळवून वेग सेकंदाला १.२ मीटरने कमी करावा. माणूस रमतगमत चालतो, तेवढाच हा वेग आहे. यान पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला चार किलोमीटरांहून किंचित अधिक खाली उतरते, आतल्या, आखूड मार्गाने धावते आणि सुमारे २.६ सेकंद आधी मूळ जागी येते. वीस किलोमीटरचे अंतर नेमके भरून निघालेले असते. आता कमी केलेला वेग परत मिळवला, की फितुराच्या यानाची खिडकी समोर.

ज्यांना ऊर्जेचा हिशोब आवडतो, त्यांच्यासाठी यातली गंमत आणखी खोल आहे. समजा, यान ४०० किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेतून ३९० किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेत न्यायचे आहे. त्यासाठी अर्ध्या फेरीच्या अंतराने दोनदा ब्रेक लावावे लागतात आणि त्यांत मिळून सेकंदाला ५.७ मीटर वेग खर्ची पडतो. मात्र नव्या कक्षेत स्थिरावलेले यान आधीपेक्षा सेकंदाला ५.७ मीटर अधिक वेगाने धावताना दिसते. याचे कारण असे, की खाली उतरताना यान जेवढी स्थितिज ऊर्जा गमावते, तिच्या निम्मी गतिज ऊर्जेच्या रूपाने पदरात पडते आणि उरलेली निम्मी ब्रेक खाऊन टाकतात. एकूण ऊर्जा घटते, वेग वाढतो. हे वाक्य एकदा वाचून पटले नाही, तर त्यात वाचकाचा दोष नाही.

कसलेल्या वैमानिकांनाही ते पटायला वेळ लागला. जून १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ या यानातून जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच अग्निबाणाच्या रिकाम्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. विमान चालवताना करावे तसे त्यांनी नाक रोखून थ्रस्टर चालवले. टप्पा जवळ येण्याऐवजी दूर सरकत गेला, इंधन संपत चालले आणि अखेर प्रयत्न सोडून द्यावा लागला. पुढे चंद्रावर उतरलेले अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनी कक्षेत दुसऱ्या यानाला गाठण्याच्या याच विषयावर १९६३ साली एमआयटीत डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला होता. पुढे १५ डिसेंबर १९६५ रोजी जेमिनी ६-ए हे यान मुद्दाम खालच्या कक्षेतून पाठलाग करत उड्डाणानंतर सुमारे सहा तासांत जेमिनी ७ पाशी पोहोचले आणि दोन्ही यानांत जेमतेम एका फुटाचे अंतर उरले. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतील दोन उपग्रहांनी १६ जानेवारी २०२५ रोजी डॉकिंग साधले, म्हणजे ते कक्षेत एकमेकांना जोडले गेले, तेव्हाही नियम हेच होते. अशा उड्डाणांची वेळ मिनिटासेकंदाने ठरवतात, हे ऐकून मुहूर्ताचे माहात्म्य सांगणारे काही जण खूश होतात. ती वेळ ठरते लक्ष्याच्या कक्षेचे प्रतल (ती कक्षा ज्या सपाट पातळीत आहे ती) प्रक्षेपणस्थळाच्या वर कधी येते यावरून. पंचांगातील राहुकाळाला त्या समीकरणात जागा नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. अंतर शंभर मीटरच असेल, तर नाक रोखून जाण्यात मोठे बिघडत नाही. सेकंदाला एक मीटर वेगाने तिथे पोहोचेपर्यंत यान सुमारे अकरा मीटर वर सरकते आणि तेवढी दुरुस्ती हाताने करता येते. लेखकाने इंजिनात अमर्याद इंधन ओतले, तर वीस किलोमीटरही सरळ रेषेत कापता येतील. पण मग शोधमोहिमेत इंधनटंचाईची रडकथा दोन प्रकरणे चालवू नये.

याच कादंबरीत आणखी एक प्रसंग आहे. फितूर कप्तानाला एअरलॉकमधून (यानाबाहेर पडण्याच्या हवाबंद दालनातून) पृथ्वीच्या दिशेने ढकलतो आणि कप्तान गरगरत खोल खाली कोसळत नाहीसा होतो. समजा, हा धक्का सेकंदाला एक मीटरचा आहे. कप्तान खाली जाईल, पण जास्तीत जास्त ८८५ मीटर. खाली जाता जाता तो यानाच्या पुढे निघेल, अर्ध्या फेरीनंतर यानाच्याच उंचीवर, साडेतीन किलोमीटर पुढे असेल, मग वर चढून मागे पडू लागेल आणि साडेब्याण्णव मिनिटांनी, कोणतेही इंजिन नसताना, पुन्हा त्याच एअरलॉकपाशी येईल. स्पेससूटमधला प्राणवायू त्याहून बराच जास्त वेळ पुरतो. धक्का पुढे किंवा मागे दिला असता, तर मात्र दर फेरीला सतरा किलोमीटरची फारकत झाली असती.

विरळ हवेचा अडथळा या हिशोबात थोडी गडबड करतो, हे खरे. नोव्हेंबर २००८ मध्ये अवकाशस्थानकाबाहेर काम करताना एका अंतराळवीराच्या हातून हत्यारांची पिशवी निसटली. हवेने हलक्या पिशवीला स्थानकापेक्षा जास्त अडवले, म्हणून ती खाली उतरली, म्हणून तिचा वेग वाढला आणि ती स्थानकाच्या पुढे पुढे पळत राहिली. हौशी निरीक्षकांनी ती जमिनीवरून पाहिली. ऑगस्ट २००९ मध्ये वातावरणात शिरून ती जळून गेली.