इनहिबिटर स्विच गेलाय की केबल सरकलीय, आधी हे बघा

ऑटोमॅटिक गाडी पी (पार्क) मध्ये स्टार्टर मारत नाही, एन (न्यूट्रल) मध्ये मारते, एवढं सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं: इनहिबिटर स्विच (पी किंवा एन मध्येच स्टार्टर लागू देणारा स्विच) गेला, नवीन टाका. माझ्याही गाडीत टाकला, आठ दिवसांत परत तेच. शेवटी निघालं काय, तर गिअर लिव्हरच्या केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश (जोडावरची छोटी रिंग). बोटाने दाबला तर चुरा झाला त्याचा.

केबल सगळ्यांना माहितीय, लिव्हर हलवला की ती गिअरबॉक्सवरचा आर्म ओढते. स्विच बऱ्याच गाड्यांत त्याच आर्मच्या शाफ्टवर बाहेरून बसलेला असतो आणि शाफ्ट कुठे आहे ते गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला कळवतो. पी किंवा एन असेल तरच स्टार्टर.

घोळ होतो तो इथे. स्विचला तुमचा लिव्हर दिसतच नाही हो, त्याला फक्त शाफ्ट कळतो! केबल जराशी जरी सरकली तरी लिव्हर पी वर आणि शाफ्ट मात्र पी आणि आर (रिव्हर्स) च्या मध्ये कुठेतरी, मग स्विच सांगतो की हे पी नाही, आणि ते खरंच असतं. स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) पी०७०५ किंवा पी०७०६ हा कोड आला म्हणून लगेच स्विच बदलायचा हे मला अजिबात पटत नाही, कोड एवढंच सांगतो की या सिग्नलमध्ये गडबड आहे, कशामुळे ते नाही सांगत.

म्हणून हे करा. चाकांना पुढून मागून दगड, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन ऑन, इंजिन बंद. आर्मवरची केबल काढा (बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरचा डबा बाजूला केला की आर्म दिसतो) आणि आर्म हाताने एकेक जागी फिरवा. प्रत्येक जागेवर तो खटकन बसतो, बोटांना कळतं. बसला की डॅशबोर्डवरचं अक्षर बघा. सगळी बरोबर आली तर स्विच ठणठणीत आहे, केबल अ‍ॅडजस्ट करा नाहीतर बुश बदला. आर्म नीट बसूनही अक्षर चुकतंय, गायब होतंय, कनेक्टर हलवला की परत येतंय, तर स्विच किंवा वायरिंग. पिनांवर हिरवट थर असेल तर आधी तो साफ करा.

नवीन स्विच असेल तर तो तिरका बसलाय का तेही बघा, बोल्टची भोकं लांबट असतात, शाफ्ट एन वर ठेवून खूण जुळवूनच आवळायचा.

ब्रेक दाबूनही लिव्हर पी मधून निघतच नसेल तर तो वेगळा विषय, तिथे ब्रेक पेडलच्या स्विचचा संशय असतो, मागे ब्रेक लाईट लागतात का बघा.

आणि कुणी दोन वायरी जोडून स्विच बायपास करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, मग गाडी डी (ड्राइव्ह) मध्येही स्टार्ट होते. केबल सरकलेली असेल तर पी मधला लॉकही पूर्ण बसलेला नसतो, त्यामुळे काम होईपर्यंत उतारावर नुसत्या पी वर गाडी सोडू नका, हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली दगड लावा.