एक पसरणी म्हणजे किती वाफ?

सांगलीहून निघून इस्लामपूर, कराड, सातारा, वाई करत आम्ही दोघं तिसऱ्या दिवशी पाचगणीत पोचलो. एका ओळखीच्या काकांच्या अंगणात सायकली टेकवल्या, छोटा गॅस पेटवला आणि अख्खा मसूर शिजत टाकला. सायकलवरचा संसार केवढा, तर एक डेचकी, 230 ग्रॅमचा स्क्रूवाला गॅसचा डबा, तांदूळ, डाळ, कांदा-लसूण चटणी आणि शेंगदाण्याचा कूट. झाकण ठेवलं नव्हतं, गॅस फुल्ल, पाणी धबाधबा उकळतंय, दोनदा वरून पाणी घालून झालं, आणि पाऊण तासानंतरही मसूर दाताखाली कचकच.

मित्र म्हणाला, "भावा, गॅस अजून वाढतोय का बघ की." काका म्हणाले, "हितलं पाणी जड हाय, डाळ शिजत न्हाई." मी लगेच शहाणपणा केला की उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं ना, म्हणून. खरं कारण रात्री झोपताना सुचलं, आदल्या दिवशी साताऱ्यात तोच मसूर अर्ध्या तासात शिजला होता कारण तो रात्रभर भिजवलेला होता आणि आज आम्ही भिजवायलाच विसरलो होतो. पण या तिन्ही निदानांत थोडंथोडं खरं आणि बरंच खोटं आहे, आणि त्यातलं 'गॅस वाढव' हे सगळ्यात महागात पडणारं, म्हणून हा लेख.

काकांचं आधी मिटवतो. जड पाण्याने डाळ शिजत नाही हे खरं आहे, माण-खटाव किंवा जतकडच्या बोअरच्या पाण्यावर स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. डाळीच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थाने धरून असतात, डाळ शिजते म्हणजे हे पेक्टिन विरघळतं, आणि पाण्यात कॅल्शियम जास्त असलं की ते पेक्टिनला आणखी घट्ट बांधून ठेवतं. चिमूटभर खायचा सोडा टाकतात तो त्यासाठीच. पण आमच्या बाटल्यांत पाणी साताऱ्याचंच होतं, ज्यात काल सगळं नीट शिजलं होतं. तेव्हा पाणी निर्दोष.

आता उंची. पाणी उकळतं म्हणजे नेमकं काय होतं हे मला फार आवडतं त्यामुळे जरा थांबतो. गरम होणाऱ्या पाण्यात तळाशी वाफेचा बुडबुडा तयार होतो, पण डोक्यावर अख्ख्या वातावरणाचा दाब असतो, आतल्या वाफेचा दाब त्याच्याइतका होत नाही तोवर तो बुडबुडा वर येता येता चिरडला जातो. चहाचं आधण उकळायच्या आधी जो 'सूं' आवाज करतं ना, तो बराचसा या चिरडल्या जाणाऱ्या बुडबुड्यांचा. आतला दाब बाहेरच्या दाबाइतका झाला की बुडबुडे टिकतात, वरपर्यंत येतात, आवाज बदलून गडगड होतो, ती उकळी. उंच गेलं की डोक्यावरची हवा कमी, म्हणून कमी तापमानालाच हे जमतं. समुद्रकिनारी 100 अंश, सांगलीत साधारण 98, साताऱ्यात साडेसत्त्याण्णव, पाचगणीत 95-96. म्हणजे सातारा ते पाचगणी फरक जेमतेम दोन अंशांचा! एवढ्याने शिजायला थोडा वेळ जास्त लागेल, मसूर कच्चा राहणार नाही. कुकरमध्ये उलटं करतो, दाब वाढवून पाण्याला 120 च्या आसपास नेतो, म्हणून तिथं काम झटपट होतं, पण सायकलवर कुकर कोण वाहणार.

खऱ्या उंचीवर मात्र गंमत होते. 1835 मध्ये चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता तेव्हा बटाटे कित्येक तास उकळून, रात्रभर भांडं आगीवर ठेवूनही कडकच राहिले. त्याच्या बरोबरच्या दोघांनी सकाळी निष्कर्ष काढला की भांडं नवीन आहे, शापित आहे, त्याला बटाटे शिजवायचेच नाहीत. आपल्याकडं नवी गाडी घेतली की लिंबू-मिरची बांधतात त्याचाच चुलत भाऊ. आमच्याही डेचकीला कुणीतरी नाव ठेवलंच असतं, वाचली.

आणि आता मित्राचा फुल्ल गॅस. उकळी आली की पाण्याचं तापमान थांबतं, तुम्ही गॅस दुप्पट करा, तिप्पट करा, पाचगणीत ते 96 च्या वर जाणार नाही. जास्तीची सगळी उष्णता फक्त पाण्याची वाफ करण्यात जाते. दहावीच्या पुस्तकात 'अप्रकट उष्मा' म्हणून पाठ केलेलं असतं, ग्रॅमला 540 कॅलरी, मार्क मिळाले की विसरलं. 1760 च्या सुमाराला ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅकने हे पहिल्यांदा नीट मोजलं. द्रव पाण्यात रेणू एकमेकांना धरून असतात, वाफ करायची म्हणजे एकेकाला पूर्ण सोडवायचं, आणि सगळी उष्णता त्या सोडवण्यातच खर्च होते, थर्मामीटरला त्यातलं काही दिसत नाही.

किती खर्च? इथं मी घाटातच एक एकक तयार केलं, 'पसरणी'. वाईतून पसरणी घाटाने पाचगणीला जायचं म्हणजे 12 किलोमीटर आणि साडेपाचशे मीटरच्या वर चढण. मी, सायकल, सामान मिळून 90 किलो. एवढं वजन तेवढ्या उंचीवर न्यायला लागणारी ऊर्जा सुमारे 500 किलोज्यूल, ही झाली एक पसरणी. त्यासाठी मी दीड तास घामाघूम होऊन, दोनदा थांबून, मनात शिव्या घालून वर आलो. आता बघा, एक लिटर पाणी उकळीला आणायला 300 किलोज्यूल लागतात, म्हणजे अर्ध्या पसरणीच्या थोडं वर. आणि तेच एक लिटर पूर्ण वाफ करायला 2260 किलोज्यूल, साडेचार पसरण्या! आम्ही त्या मसुरात दोनदा मिळून अर्धा लिटर पाणी वरून घातलं होतं, म्हणजे अर्धा लिटर वाफ होऊन काकांच्या आंब्याखाली उडून गेलं. सव्वादोन पसरण्या. मी सायकल घेऊन घाट दोनदा चढलो, तिसऱ्यांदा थोडा चढलो आणि मसूर तसाच. वर बर्नरची निम्मी उष्णता भांड्याच्या बाजूने हवेतच जाते, तो हिशोब धरला तर रडूच येईल.

वाफेवर खर्च करायलाच हवा अशी जागा म्हणजे गुऱ्हाळ. कराडच्या पुढं आम्ही एका गुऱ्हाळावर थांबलो होतो, गुळव्या काहिलीतला रस ढवळत होता आणि चुलवाणात एक माणूस सारखी चिपाडं कोंबत होता. रसात चार-पंचमांशाच्या आसपास पाणीच असतं, गूळ हवा तर ते जवळपास सगळं उडवावं लागतं, त्याला इलाज नाही. पाणी कमी होत जातं तसा रस 100 च्या वर तापू लागतो, आधी काकवी होते, पुढं 115 च्या वर गेला की गूळ पडायच्या बेतात येतो. खिचडीला यातलं काही नको असतं.

हीच महाग वाफ घाटात मला मात्र फुकटात वाचवते. स्नायू खाल्लेल्या अन्नाच्या साधारण चौथ्या हिश्शाचंच काम करतात, बाकी उष्णता. एक पसरणी काम केलं तर तीन पसरण्या उष्णता अंगात साठणार, ती बाहेर टाकायला साधारण सहाशे मिलीलिटर घाम वाळावा लागतो. वाळावा, गळून उपयोग नाही.

मग शिजवायचं कसं? आजी भाताला उकळी आली की पातेलं चुलीवरून वैलावर, म्हणजे शेजारच्या मंद आचेच्या जागेवर, सरकवायची आणि म्हणायची, मुरू दे. तेच. मुगाची डाळ नि तांदूळ अर्धा तास भिजवायचे, झाकण लावून उकळी आणायची, मंद गॅसवर सहा-सात मिनिटं, मग गॅस बंद आणि डेचकी आधी सुती टॉवेलात, वरून स्लीपिंग बॅगेत गुंडाळून पाऊण तास विसरून जायचं. टॉवेल आधी का, तर पहिल्या वेळी मित्राच्या बॅगेचं नायलॉन डेचकीच्या तळाला चिकटलं. महायुद्धांच्या काळात युरोपात कोळसा वाचवायला गवत भरलेल्या खोक्यात असंच शिजवायचे, आणि आज तेच 'थर्मल कुकर' म्हणून चकचकीत जाहिराती करून विकतात. टॉवेलात आणि बॅगेत अडकलेली हवा उष्णता धरते, पण खरा दरवाजा झाकण आहे. एक ग्रॅम वाफ निसटली की लिटरभर खिचडी अर्ध्या अंशाने थंड होते, चार चहाचे चमचे पाणी वाफ होऊन गेलं की दहा अंश गेले. म्हणून उघडून बघायचं नाही. मित्र बघतोच.

तांदूळ 70 च्या आसपास फुगून मऊ होतो, मूगडाळीला थोडं जास्त लागतं, दोन्ही यात निभतात. पोह्यांना तर तेवढंही नको, ते बनवतानाच अर्धे शिजलेले असतात, भिजवले की झालं.

दोन गोष्टींत मात्र ही युक्ती चालवू नका. एक, गुंडाळलेला भात तसाच कोमट रात्रभर ठेवायचा नाही. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते उकळीत मरत नाहीत, कोमट भातात वाढतात आणि त्यांचं एक विष परत गरम करूनही जात नाही. गरम आहे तोवर खाऊन संपवायचा. दोन, राजमा. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं ज्याने उलट्या होतात, ते जायला आधी चांगला भिजवून पाणी फेकायचं आणि मग किमान दहा मिनिटं खणखणीत उकळी द्यावी लागते, 75-80 वर तासनतास ठेवून ते जात नाही. आपला कोरेगावचा वाघ्या घेवडा राजम्याचाच भाऊबंद. परतीच्या वाटेवर मित्राने दोन किलो घेतला आणि संध्याकाळी डेचकी काढायला लागला, मी सरळ पिशवी माझ्या पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरला लटकवलेल्या बॅगेत, टाकून चेन लावली. सांगलीत घरी आल्यावर आईने कुकरला लावला, चार शिट्ट्या.