संयुक्त वेदनाशामक गोळ्या

दोन किंवा अधिक औषधे ठरावीक प्रमाणात एकाच गोळीत घालून तयार केलेली, दुखणे व सूज कमी करणारी औषधे. औषधशास्त्रात त्यांना ‘निश्चित मात्रा संयोग’ म्हणतात. मेडिकलच्या काउंटरवर मात्र ‘अंगदुखीची गोळी द्या’ एवढीच ओळख पुरते. भारतात सर्रास मिळणाऱ्या जोड्या म्हणजे आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ व पॅरासिटामॉल ३२५ मिग्रॅ, अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० व पॅरासिटामॉल ३२५, आणि पाळीच्या पोटदुखीसाठी मेफेनॅमिक अ‍ॅसिड २५० व डायसायक्लोमिन १०.

जोडी लावण्यामागे तर्क आहे. इजा झालेल्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात आणि त्यांच्यामुळे ती जागा सुजते, ठणकते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही सूजविरोधी औषधे ही निर्मितीच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. पॅरासिटामॉलचे काम मुख्यतः मेंदू व मज्जासंस्थेत चालते. ताप आणि दुखणे कमी होते, सूज फारशी उतरत नाही. वाटा वेगळ्या असल्याने दोन्ही मिळून जास्त आराम पडू शकतो. अक्कलदाढ काढल्यानंतरच्या ठणक्यावर आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची जोडी एकेकट्या औषधापेक्षा सरस ठरली आहे. दोन सूजविरोधी औषधे एकत्र घेण्याला मात्र असा आधार नाही. त्यात अपाय तेवढा वाढतो.

काही गोळ्यांत या दोघांच्या जोडीला तिसरा घटकही घालतात; त्याची गोष्ट आणखी वेगळी. सेराटिओपेप्टिडेज हे रेशीमकिड्याच्या आतड्यातील जिवाणूपासून मिळालेले विकर. उपयोग सिद्ध होईना म्हणून जपानमधील मूळ कंपनीने २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतले. आपल्याकडे ते चिठ्ठ्यांवर अजून ठाण मांडून आहे.

व्यवहारातला खरा घोटाळा होतो तो मोजणीत. मुख्य नावामागची अक्षरे बहुधा घटक सांगतात: ‘पी’ म्हणजे पॅरासिटामॉल, ‘एसपी’ म्हणजे त्यासोबत सेराटिओपेप्टिडेज, ‘एमआर’ म्हणजे स्नायू सैल करणारे औषध. पण दुकानदार कात्रीने चार गोळ्या कापून देतो, तेव्हा घटकांची बारीक ओळ कित्येकदा पाकिटाच्या उरलेल्या अर्ध्यात राहते. समजा, एखाद्याने तापासाठी पॅरासिटामॉल ६५०ची गोळी दिवसातून चारदा घेतली: २,६०० मिग्रॅ. कंबर दुखते म्हणून जोडगोळी तीनदा: आणखी ९७५. सर्दीची, ५०० मिग्रॅ पॅरासिटामॉल असलेली गोळी दोनदा: १,०००. बेरीज ४,५७५. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा ४,००० मिग्रॅ आहे; किरकोळ अंगाच्या, रोज दारू पिणाऱ्या किंवा यकृताचा आजार असलेल्या माणसासाठी ती याहून कमी. गंमत अशी, की त्याला विचारले तर तो ‘तीन वेगवेगळी औषधे घेतली’ असेच सांगेल, आणि खोटेही बोलत नसेल.

पॅरासिटामॉल जास्त झाले की यकृतात त्याचा विषारी अंश साठतो. पहिल्या दिवशी मळमळीपलीकडे काही जाणवेलच असे नाही, आणि तोच फसवा काळ असतो. उतारा म्हणून एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन देतात. ते पहिल्या आठ तासांत दिल्यास सर्वांत गुणकारी. म्हणून बरे वाटत असले तरी रुग्णालय गाठावे लागते.

सूजविरोधी घटकाचा पहिला फटका जठराला बसतो. ‘गोळी गरम पडली’ असे आपण म्हणतो. जेवून घेतली की जळजळ कमी होते, पण व्रणाचा धोका टळत नाही. औषध रक्तावाटेही जठराचे संरक्षक अस्तर कमजोर करते, म्हणून इंजेक्शननेही अपाय होऊ शकतो. डांबरासारखी काळी शौच होणे ही रक्तस्रावाची खूण आहे. सोबतची पित्ताची गोळी जठराला बरेच वाचवते; मूत्रपिंडाला नाही.

मूत्रपिंडाकडे दुर्लक्ष होते, कारण ते दुखत नाही. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारे औषध चालू असताना वर सूजविरोधी गोळी पडली, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा अचानक घटू शकतो. जुलाब झालेले असताना किंवा दिवसभर उन्हात राबून पाणी कमी प्यायल्यावर हा धोका वाढतो. गिधाडांचा नाश याच कुळातल्या औषधाने केला. डायक्लोफिनॅक दिलेली मेलेली जनावरे खाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झाले. अ‍ॅसिक्लोफिनॅकचे गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते, पण जनावरांसाठी त्याच्यावर बंदी यायला २०२३ उजाडले.

पावसाळ्यातल्या तापात या जोडगोळ्या टाळाव्यात. डेंग्यू असेल तर सूजविरोधी घटकाने रक्तस्राव वाढू शकतो. तिथे योग्य मात्रेत नुसते पॅरासिटामॉल चालते. गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज त्या घेऊ नयेत. दम्याच्या काही रुग्णांना त्यांनी धाप लागते. रक्त गोठू न देणारे वॉरफेरिन चालू असल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी रोज कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्याने आयब्युप्रोफेन घेतले, तर अ‍ॅस्पिरिनचा परिणाम मारला जाऊ शकतो.

कायद्याची बाजू चढउताराची आहे. बारा वर्षांखालील मुलांना निमेसुलाइड हे सूजविरोधी औषध देण्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ संयुक्त औषधांवर बंदी घातली. ती न्यायालयात अडकली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर नव्याने आली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ संयोग बंद झाले. त्या यादीत अ‍ॅसिक्लोफिनॅक ५० व पॅरासिटामॉल १२५ ही गोळी होती. त्याच दोन औषधांची १०० व ३२५ मिग्रॅची गोळी त्यात नव्हती.