अदृश्य व सार्वकालिक गोष्टींवरचा विश्वास (ख्रिस्ती)

डोळ्यांना दिसतं ते थोड्या काळाचं आणि दिसत नाही ते कायमचं, ही ख्रिस्ती श्रद्धेतली एक मूळ धारणा. देव, देवदूत, पुनरुत्थान, सार्वकालिक जीवन, स्वर्गीय यरुशलेम हे सगळं या न दिसणाऱ्यात मोडतं. आधार मुख्यतः नव्या करारातल्या दोन वचनांचा, करिंथकरांस दुसरं पत्र 4:18 आणि इब्री लोकांस पत्र 11:1. पुढे निकेयाच्या परिषदेत (इ.स. 325) जो मतांगीकार, म्हणजे श्रद्धेची ठरीव कबुली, ठरला त्यात देव हा दृश्य आणि अदृश्य अशा सगळ्याचा निर्माणकर्ता आहे असं आलं.

पहिल्या वचनाबद्दल फार वाद नाही. ते पत्र प्रेषित पौलाचंच, साधारण 55-57 च्या दरम्यानचं, एवढं जवळपास सगळे मानतात (मुळात एकच पत्र होतं की दोन-तीन जोडली, तो प्रश्न वेगळा). खरी गुंतागुंत इब्री पत्राची. त्यावर लेखकाचं नावच नाही. पूर्वेकडच्या चर्चने ते पौलाच्या नावावर टाकलं, जुना ख्रिस्ती लेखक तर्तुलियनने पौलाचा सोबती बर्णबाचं नाव घेतलं, लूथरला अपुल्लोस वाटला, जर्मन अभ्यासक हार्नाकने 1900 मध्ये प्रिस्किल्लाचं नाव पुढे केलं (ही दोघंही पौलाच्या ओळखीतली), आणि ओरिगेन या धर्मपंडिताने तिसऱ्या शतकातच सांगून टाकलं होतं की कुणी लिहिलं ते देवालाच ठाऊक, त्यापुढे गाडी फारशी सरकलेली नाही. काळाचंही तसंच. यज्ञ चालू असल्यासारखं वर्णन आहे म्हणून काही जण ते इ.स. 70 च्या, म्हणजे यरुशलेमचं मंदिर पाडलं जाण्याच्या, आधीचं धरतात, काही 80-90 पर्यंत नेतात, पण रोमच्या क्लेमेंटच्या पत्रात (साधारण 96) त्याचे पडसाद दिसतात म्हणून फार पुढे नेता येत नाही.

याहून मोठा वाद म्हणजे हे न दिसणारं नेमकं कुठंय. इब्री 8:5 मध्ये पृथ्वीवरचा मंडप (इस्राएली लोकांचं तंबूचं उपासनास्थान) हा स्वर्गातल्या मंडपाची प्रतिरूप छाया म्हणलाय, त्यामुळं स्पिक या फ्रेंच अभ्यासकाने 1952 मध्ये लेखकावर अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फिलो याची, म्हणजे पर्यायाने प्लेटोच्या विचाराची छाप आहे असं मांडलं: वर खरं, खाली त्याची सावली. बॅरेटने 1956 मध्ये याला छेद दिला, की ही भाषा ज्यू लोकांच्या युगांताच्या अपेक्षेतली आहे, आणि 1970 मध्ये विल्यमसनने फिलोशी जुळणारी स्थळं एकेक तपासून ते साम्य बरंचसं वरवरचं ठरवलं. दरम्यान 1947 पासून मृत समुद्राजवळ सापडलेल्या जुन्या ज्यू गुंडाळ्यांत स्वर्गातल्या मंदिराची वर्णनं मिळाली, म्हणजे ही कल्पना ग्रीकांकडूनच यायला हवी होती असं काही उरलं नाही. दुसरं, म्हणजे युगांताच्या अपेक्षेचं, मत जास्त पटण्यासारखं आहे, कारण 11व्या अध्यायातली माणसं वर कमी आणि पुढं जास्त बघतात. नोहाला जे अजून दिसलेलं नव्हतं त्याची सूचना मिळते, अब्राहाम तंबूत राहून पाया असलेल्या नगराची वाट बघतो. तरी 11:27 मध्ये मोशे अदृश्य देवाला जणू बघत टिकून राहतो, त्यामुळं पहिलं मत पूर्ण मोडीत काढता येत नाही.

आपल्याकडं मराठवाड्यात हे ऐकलं की माणूस लगेच मायेवर येतो. नर्सीचे नामदेव, पैठणचे एकनाथ यांच्या मुलखात ते साहजिकच आहे, पण दोन्ही एक नाही. ख्रिस्ती मतात दिसणारं जग खोटं नाही, उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाने ते चांगलं आहे असं म्हणलंय, ते फक्त टिकणारं नाही. शरीरसुद्धा टाकून द्यायचं नसतं, ते पुन्हा उठणार असतं.

मराठवाड्यात हा विचार मिशनबरोबर आला. 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले ब्राह्मण नारायण शेषाद्री यांनी स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने जालन्याजवळ, निजामाच्या राज्यात, बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, काम मुख्यतः मातंग समाजात. गावाचं नाव विषयाला धरूनच आहे: उत्पत्ती 28 मध्ये याकोब उघड्यावर दगड उशाला घेऊन झोपतो, स्वप्नात स्वर्गाला टेकलेली शिडी बघतो, आणि परमेश्वर इथं होता, मला कळलंच नाही असं म्हणून त्या जागेला बेथेल नाव देतो. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत 1977 मध्ये अमरावतीतून वेगळा झाला. भजनांत ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (1861-1919) गाणी चालतात, टिळकांचं काम अहमदनगरकडचं असलं तरी.

बीड-जालन्याकडचा ऐकणारा असेल तर अब्राहामाचा तंबू समजावून सांगावा लागत नाही. दिवाळीच्या सुमारास गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, पाचटाच्या कोपीत (झोपडीत) सहा-सहा महिने काढतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कोपी मोडून परत, तेव्हा करिंथकरांस दुसऱ्या पत्रातलं (5:1) मोडणारं मंडपरूपी घर हे वचन तिथं आपोआप लागू पडतं.

मेलेल्यांबाबत पंथांत फरक आहे. कॅथलिक 2 नोव्हेंबरला कबरींवर फुलं-मेणबत्त्या ठेवून मृतांसाठी प्रार्थना करतात, कारण त्यांच्या मते शुद्धिस्थानातल्या (स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या) आत्म्यांना तिचा उपयोग होतो. प्रोटेस्टंट हे मानत नाहीत, त्यांची प्रार्थना मागं राहिलेल्यांसाठी असते. दफनाच्या वेळी करिंथकरांस पहिल्या पत्राचा 15वा अध्याय मात्र दोघंही वाचतात.