व्यावसायिक महिला गोल्फपटूची कारकीर्द

स्पर्धांतील बक्षिसाच्या रकमेवर आणि पुरस्कर्त्यांशी झालेल्या करारांवर उपजीविका करणाऱ्या महिला गोल्फपटूच्या खेळजीवनाचा विचार या नोंदीत केला आहे. सांघिक खेळांतल्यासारखा ठरलेला पगार येथे नसतो. टूरचे, म्हणजे हंगामभर चालणाऱ्या स्पर्धामालिकेचे, सदस्यत्व ही नोकरी नव्हे. ती खेळण्याची परवानगी असते, आणि तीही बहुधा एका हंगामापुरतीच.

महिलांच्या व्यावसायिक गोल्फला स्थिर रूप आले ते १९५० मध्ये, अमेरिकेत १३ खेळाडूंनी एलपीजीए (लेडीज प्रोफेशनल गोल्फ असोसिएशन) ही संघटना स्थापन केली तेव्हा. बेब झहारियस, पॅटी बर्ग आणि लुईस सग्ज या त्यांपैकी होत. आरंभीच्या काळात मैदानाची आखणी, नियमांची अंमलबजावणी, प्रसिद्धी ही सगळी कामे खेळाडू स्वतःच करीत. युरोपातील टूरची स्थापना १९७८ मध्ये झाली.

या व्यवसायात शिरण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे पात्रता स्पर्धा. तीत वरचे स्थान मिळवणाऱ्या खेळाडूला टूर कार्ड मिळते. बाकीच्यांना दुय्यम टूरवर खेळून, गुण जमवून वर यावे लागते. कार्ड मिळाल्यावरही निश्चिंती नसते. चार फेऱ्यांच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर ‘कट’ लागतो आणि साधारण निम्म्या खेळाडू बाहेर पडतात. कट चुकलेल्या खेळाडूच्या हाती सहसा बक्षिसातले काही येत नाही. प्रवास, निवास आणि कॅडीचे (खेळाचे सामान वाहणाऱ्या मदतनिसाचे) मानधन हा खर्च मात्र झालेलाच असतो. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी, दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या होलवर, पाच-सहा फुटांवरून करायच्या पटवर (चेंडू होलात ढकलण्याच्या हलक्या फटक्यावर) आठवड्याची सारी कमाई अवलंबून असल्याचे प्रसंग वारंवार येतात. प्रेक्षकांचे लक्ष तेव्हा आघाडीवरच्या खेळाडूंकडे असते, पण या व्यवसायाचे खरे स्वरूप कटच्या रेषेवरच अधिक स्पष्ट दिसते.

शिखरावरचे चित्र अर्थातच वेगळे आहे. अमेरिकन महिला ओपनची एकूण बक्षीस रक्कम २०२२ मध्ये एक कोटी डॉलरवर गेली आणि विजेती मिंजी ली हिला १८ लाख डॉलर मिळाले. या स्पर्धेचे महत्त्व केवळ पैशाचे नाही. १९९८ मध्ये ब्लॅकवुल्फ रन येथील प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडण्यासाठीच्या जादा खेळात) अठराव्या होलवर दक्षिण कोरियाच्या से री पाकचा चेंडू पाण्याकाठच्या उतारावर अडकला. तिने बूट-मोजे काढले, पाण्यात उतरून चेंडू बाहेर मारला आणि पुढे सामना जिंकला. त्या विजयाने कोरियातील मुलींची एक पिढी गोल्फकडे वळली.

कारकिर्दीचे मोजमाप सहसा विजयांच्या संख्येने होते. कॅथी व्हिटवर्थ हिचे ८८ विजय हा एलपीजीएचा उच्चांक आहे. स्वीडनच्या आनिका सोरेनस्टामने ७२ विजय मिळवले, त्यांत १० मेजर, म्हणजे सर्वांत प्रतिष्ठेच्या, स्पर्धा होत्या. २००१ मध्ये फीनिक्स येथे तिने ५९ फटक्यांत फेरी पूर्ण केली, त्या फेरीत १३ बर्डी (होलसाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी) होत्या आणि एकही बोगी (एक जास्त) नव्हती. तरीही विजय हा एकमेव निकष मानणे अपुरे ठरते. भारताची अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली आणि तिचे पदक एका फटक्याने हुकले. तिच्या फटक्यांची लांबी आघाडीच्या स्पर्धकांपेक्षा बरीच कमी होती आणि ती उणीव तिने ग्रीनवरच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरच्या) पटिंगने भरून काढली होती.

दुखापती, सततचा प्रवास आणि मातृत्व यांमुळे या कारकिर्दीत खंड पडतात. मुलांना सांभाळण्याची सोय एलपीजीएने १९९३ पासून स्पर्धास्थळी उपलब्ध करून दिली आहे. निवृत्तीचे ठरावीक वय मात्र नाही. मेक्सिकोची लोरेना ओचोआ २०१० मध्ये, जागतिक क्रमवारीत अव्वल असतानाच, २८ व्या वर्षी कुटुंबासाठी निवृत्त झाली. एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमसाठी (थोर खेळाडूंच्या सन्मानयादीसाठी) लागणारे २७ गुण तिच्याकडे होते, पण दहा वर्षांच्या सदस्यत्वाची अट तिने पुरी केली नव्हती. ती अट २०२२ मध्ये रद्द झाली, तेव्हा तिचा समावेश करण्यात आला.