गुरुजी गावात राहायचे तेव्हापासून

उन्हाच्या धसक्यानं विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. पहिल्या दिवशी बंडी सजते, बैलांच्या शिंगांना फुगे बांधले जातात आणि पहिलीची पोट्टी गावभर मिरवली जातात. फोटो निघतात आणि गटाच्या व्हॉट्सअॅपवर जातात. पण बंडीतून उतरलेलं पोट्टं तिसऱ्या दिवशी परत शाळेत येईल की नाही, हे त्या फोटोतून कळत नाही. ते ठरतं वर्गात त्याला नावानं हाक मारणारं कोणी आहे का, यावर. ही हाक पूर्वी फुकटात मिळायची, कारण गुरुजी गावातच राहायचे.

या भागात शिक्षणाची ओढ सरकारी योजनांच्या आधीची आहे. गाडगेबाबांनी कीर्तनातून ताट-वाटी विकायला लागली तरी चालेल, पण पोरांना शिकवा म्हणून आईबापांना खडसावलं. वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी शेतकऱ्यांच्या पोरांसाठी संस्था आणि वसतिगृहं उभी केली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला आणि सेवाग्रामात नई तालीम, म्हणजे हातकामातून शिकवणारी शाळा, उभी राहिली. आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्यानं ती चालवली. तिच्याबद्दल बोलताना सगळे सूत कातायच्या टकळीवर अडकतात. मला मात्र झाडू महत्त्वाचा वाटतो. झाडणं हे ठरावीक जातीचं काम मानणाऱ्या समाजात शिक्षक पोरांसोबत अंगण झाडत होता, त्यांच्याच पंगतीला जेवत होता. सेवाग्रामची आनंद निकेतन शाळा २००५ पासून त्याच वळणावर पुन्हा भरते आहे.

१ मे १९६२ला जिल्हा परिषदा आल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. पुढची दोन-तीन दशकं गुरुजी म्हणजे कोणाच्या तरी ओसरीतला भाडेकरू. मनिऑर्डरीचा कागद तेच वाचून दाखवायचे, सोसायटीचा अर्ज तेच भरायचे आणि रात्री कंदिलाभोवती स्कॉलरशिपची पोरंही तेच बसवायचे. पोरगं दोन दिवस दिसलं नाही की संध्याकाळी पारावर त्याच्या बापालाच विचारायचे, "काऊन गा, पोट्टा दिसला नाही?" घरभेट हा शब्द तेव्हा नव्हता, कारण वेगळी भेट घ्यावी लागतच नव्हती.

त्या काळाचे गोडवे जरा जपूनच गावेत. छडी होती, कोंबडा करणं होतं, आणि काही पोरांना मागच्या कोपऱ्यात बसवून पाणी वरून ओतणंही होतं. ओसरी कुणाची मिळते आणि कुणाला मिळते, हेही जातच ठरवायची. १४ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांनी पोरांना हट्टानं शाळेत धाडलं, त्याच घरांतून पुढे गुरुजी आणि मॅडम आल्या. मागचा कोपरा त्यांनी स्वतः पाहिलेला होता. वर्गातली बसण्याची रीत बदलण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. त्याची नोंद मात्र कुठल्या परिपत्रकात सापडणार नाही.

मग मोटरसायकल आली, आणि अप-डाउन सुरू झालं. मुख्यालयी, म्हणजे शाळेच्या गावीच, राहण्याची अट, घरभाडे भत्ता, त्यासाठी ग्रामसभेचा ठराव यावरून अजूनही गावोगाव खटके उडतात. सगळा दोष शिक्षकाच्या माथी मारणं मला पटत नाही. मे महिन्यात जिथं टँकर येतो आणि भाड्यानं खोली मिळत नाही, तिथं बिऱ्हाड कसं करणार? पण पाच वाजता गाडीला किक बसली की पार रिकामा राहतो, हेही तितकंच खरं.

१ एप्रिल २०१०ला शिक्षण हक्क कायदा लागू झाला. त्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. छडी कपाटावर गेली, पण तिच्या जागी काय आणायचं हे ज्यानं त्यानं शोधायचं होतं.

कुठे ते भाषेत सापडलं. पहिलीतलं पोरगं उभं राहून म्हणतं, "मॅडम, मले येते." यावर "मले नाही, मला म्हण" असं झालं की वर्ग हसतो, आणि ते पोरगं महिनाभर हात वर करत नाही. एका शाळेत मी उलटं पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "तुले येते? मंग सांग बरं!" पोरगं धडाधड बोललं. मग फळ्यावर मॅडमनी 'मला' लिहिलं, वर्गानं ते वाचलं, कोणी हसलं नाही. मेळघाटात घरी कोरकू आणि भामरागडकडे माडिया बोलणाऱ्या लेकरांसाठी तर हा प्रश्न याहून खोल आहे. तिथं शिक्षकाला आलेले चार शब्दसुद्धा दार उघडून देतात.

कुठे ते कापसात सापडलं. दिवाळीच्या आगेमागे वेचणी जोरात येते, मजुरी किलोवर असते आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी राहते. हजेरीवर लाल शेरा मारणं सोपं असतं. काही मॅडम धाकट्यालाही वर्गात बसू देतात, काही सर थेट धुऱ्यावर जाऊन आईशी बोलतात. २००६च्या उन्हाळ्यानंतर पंतप्रधानांचं पॅकेज आलं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम आणि वर्धा हे सहा जिल्हे शेतकरी आत्महत्यांसाठी देशभर ओळखले गेले. त्या घरांतली लेकरं तेराव्यानंतर वर्गात परत यायची. 'बाप काय करतो' या ओळीपाशी थांबायचं की पुढे जायचं, हे शिक्षकाला तिथल्या तिथं ठरवावं लागायचं.

आता बदल्याही ऑनलाइन झाल्या आहेत. यादी लागते, पोरं फाटकाशी रडतात, नव्या मॅडम येतात. हजेरीपटावरची नावं त्यांना आठवड्यात पाठ होतात. छकुली, बंट्या, गुड्डू ही घरची नावं कळेपर्यंत मात्र कापूस फुटलेला असतो.